कॉम्प्रेसर गुणगुणतो, 'टक' होतो आणि गप्प बसतो: कॉम्प्रेसर गेला की वीजच नीट पोचत नाहीये?

सदाफुली (धागाकर्ती)

मंडळी, थेट मुद्द्यावर येते. दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आहे, इन्व्हर्टरवाला नाही. दार उघडलं की दिवा लागतो, फ्रीजरमधला पंखा फिरतो, पण गारवा शून्य. मागे कान लावला तर कॉम्प्रेसर 'हूंऽऽ' करतो, काही सेकंदांत 'टक' आणि मग शांतता. थोड्या वेळाने पुन्हा तोच खेळ. हूं चालू असताना आतला दिवा (जुना, तारेचा बल्ब) जरासा मंद होतो.

दुरुस्तीवाले येऊन गेले. कॉम्प्रेसरला हात लावला, "तापलाय, गेला, नवीन टाका" म्हणाले आणि निघाले. मीटर पिशवीतून बाहेरसुद्धा आला नाही. घरात साधा मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो. हो म्हणण्याआधी मी स्वतः काय तपासू शकते?

खटपट्या

रिले! डोळे मिटून रिले बदला. हूं-टक म्हणजे शंभर टक्के रिले.

काटेकोर

+१ रिलेला. पण "शंभर टक्के" जरा जास्त होतंय, राव.

ओहमकार

खटपट्या, डोळे मिटून बदलायला तो काय बल्ब आहे? रिले असू शकतो, पण धागाकर्तीने एक गोष्ट लिहिली आहे तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. दिवा मंद होतो. त्याकडे येतोच.

आधी आवाज समजून घ्या. साध्या कॉम्प्रेसरच्या डब्यात सिंगल फेज मोटर असते आणि तिला दोन वाइंडिंग: एक रनिंग, एक स्टार्टिंग. नुसत्या रनिंगवर मोटर जागची हलत नाही, फक्त गुणगुणते. सुरुवातीचा धक्का स्टार्टिंग वाइंडिंग देतं आणि मोटर फिरली की त्याला बाजूला काढायचं काम रिलेचं. आजकाल तो बहुधा पीटीसी असतो. ही एक सिरॅमिकची चकती. थंड असताना तिचा रोध साधारण १० ते ३० ओहम, करंट गेला की ती क्षणात तापते आणि रोध हजारो ओहमवर जातो. झालं, स्टार्टिंग वाइंडिंग जवळजवळ बंद.

मोटर फिरलीच नाही तर ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढत राहते. तेव्हा ओव्हरलोड प्रोटेक्टर, म्हणजे कॉमन पिनला (दोन्ही वाइंडिंगच्या सामाईक टोकाला) जोडलेली द्विधातूची पट्टी, तापून वाकते आणि लाइन तोडते. तुमचा 'टक' तो. म्हणजे ओव्हरलोड त्याचं काम इमानदारीत करतोय. कॉम्प्रेसर गरम लागणारच, दर वेळी एवढा करंट गिळून तो थंड कसा राहील? नुसत्या हात लावण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता हूं-टकची कारणं, जी मी या क्रमाने तपासेन:

व्होल्टेज, पण कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करत असतानाचं. मग पीटीसी आणि ओव्हरलोड. कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल तर तो. मग वाइंडिंग. आणि हे सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेसर आतून जाम झालाय असं म्हणायचं.

फ्रीज बंद असताना सॉकेटवर घेतलेलं व्होल्टेज मला सांगू नका. ते छानच येणार आहे.

सदाफुली

ओहमकार, धन्यवाद. पण बंद असतानाचं व्होल्टेज मी आधीच घेतलंय, २२८. :) चालू असताना कसं घेऊ? प्लग आत असेल तर सॉकेटच्या भोकात प्रोब घालायचे कसे?

ओहमकार

घालायचेच नाहीत. सॉकेट आणि प्लगच्या मध्ये खोचायचा डिजिटल मीटर मिळतो, व्होल्ट, अँपिअर, वॅट सगळं दाखवतो. तो लावा आणि हूं सुरू झाल्यावर आकडा बघा. उघड्या टर्मिनलवर हात नेण्यापेक्षा हे कधीही बरं. एक खबरदारी: मीटरच्या पिना सॉकेटमध्ये वेगळ्या बसतात, त्यामुळे ढिला जोड तात्पुरता सुधारल्यासारखा वाटू शकतो. दोन-तीनदा बघा.

शेजारच्या सॉकेटवर मात्र मोजू नका. दोष फ्रीजच्याच सॉकेटमध्ये असेल तर शेजारचं सॉकेट त्याबद्दल काहीच सांगणार नाही.

जुना_मेकॅनिक

ओहमकारने क्रम बरोबर सांगितलाय. कामाच्या अनुभवावरून थोडी भर घालतो.

मॅडम, कॉम्प्रेसरच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढाल तेव्हा आधी प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद केलाय यावर विसंबू नका. झाकण काढलेलं असताना वीज द्यायची नाही, अजिबात नाही. त्या तीन पिना काचेच्या सीलमध्ये बसवलेल्या असतात. आत दाब असतो. पिनेपाशी शॉर्ट झाला तर पिन उडून गरम तेल आणि गॅस बाहेर येतो. तसंच फ्रीजच्या लेबलवर आर-६००ए लिहिलंय का बघा. तो आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा. घरगुती फ्रीजमध्ये तो भरण्याची आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादा १५० ग्रॅम आहे, पण बंद खोलीत गळाला आणि ठिणगी मिळाली तर तेवढाही पुरे. अशा फ्रीजला रिले आणि ओव्हरलोड त्याच मॉडेलचे लावायचे, ठिणगी बाहेर पडू न देणारे. "बसतोय ना, मग चालतंय" हा प्रकार इथे नको.

पीटीसी ओढून काढा आणि कानाजवळ हलवा. आत खुळखुळ वाजलं तर चकती फुटलीये, मीटरचीही गरज नाही. जळकट वास किंवा काळा डाग दिसला तरी बाद.

नवशिका

प्रश्न बाळबोध असेल तर माफी. आमच्याकडे हूंसुद्धा होत नाही. दिवा लागतो, बाकी पूर्ण शांतता. हाच धागा चालेल की वेगळा काढू?

काटेकोर

इथेच विचारा, पण कृपया सदाफुलींच्या फ्रीजशी सरमिसळ करू नका. आधीच्या एका धाग्यात तिघांचे फ्रीज एकमेकांत गुंतले होते आणि शेवटी कुणाचा कुठला रिले तेच कळेना.

ओहमकार

नवशिका, हूं नाही म्हणजे कॉम्प्रेसरपर्यंत वीजच जात नाही, किंवा कॉमनच्या वाटेवर काहीतरी 'उघडं', म्हणजे तुटलेलं आहे. थर्मोस्टॅटची खुंटी शून्यावर फिरलेली नाही ना, हे आधी बघा. हसू नका, पुसताना फिरते. मग फ्रॉस्ट-फ्री असेल तर डीफ्रॉस्ट टायमर. तो काही तासांनी कॉम्प्रेसर तोडून बर्फ वितळवायच्या हीटरला वीज देतो आणि वीस-तीस मिनिटांनी परत कॉम्प्रेसरला. तो डीफ्रॉस्टवरच अडकला तर दिवा लागतो आणि कॉम्प्रेसर कायमचा गप्प. जुन्या टायमरवर स्क्रूड्रायव्हरने फिरवायची खाच असते. हळूच फिरवा, 'टिक' झालं आणि कॉम्प्रेसर धडधडला तर चोर सापडला. नव्या मॉडेलमध्ये हे काम बोर्ड करतं, तिथे खाच शोधू नका.

आणि टेस्टर पेटतो म्हणून वीज आहे असं समजू नका. निऑन टेस्टर फक्त फेज आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो आनंदाने पेटतो.

नवशिका

टायमरच निघाला! खाच फिरवली आणि सुरू. आता पुन्हा अडकेल का?

जुना_मेकॅनिक

अडकणार. आतली छोटी मोटर किंवा गिअर झिजलेत. टायमर बदला, कॉम्प्रेसरला हात लावू नका.

सदाफुली

मीटर आणला. फ्रीज गप्प असताना २२८. हूं सुरू झाल्याबरोबर १७१. करंट सहाच्या आसपास. 'टक' झालं की परत २२८. तीनदा बघितलं, आकडे जवळपास तेच.

खटपट्या

बाप रे, ५७ व्होल्ट कुठे गेले?

ओहमकार

गेले कुठेच नाहीत, वाटेत खर्च झालेत. दिवा मंद होत होता तो याचमुळे.

हिशोब बघा. ५७ व्होल्ट भागिले ६ अँपिअर म्हणजे साडेनऊ ओहम. मीटर सॉकेटमध्येच खोचलेला आहे, तेव्हा हा रोध बहुधा वितरण बोर्डापासून सॉकेटपर्यंतच्या वाटेत कुठेतरी बसलाय. घरातल्या चांगल्या वायरिंगमध्ये एखादा ओहम समजू शकतो, साडेनऊ म्हणजे जोड ढिला किंवा जळालेला. त्या जोडावर ५७ गुणिले ६, म्हणजे सुमारे ३४२ वॅट उष्णता तयार होतेय, दर हूंला.

गंमत अशी की फ्रीज एकदा सुरू झाला असता तर हे कळलंच नसतं. चालू असताना तो एक अँपिअरच्या आत-बाहेर घेतो, म्हणजे आठ-नऊ व्होल्टच पडले असते. दोष फक्त सुरू होताना दात दाखवतो.

आता मोटरकडून बघा. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १७१ म्हणजे २२८ च्या पाऊणपट. पाऊणचा वर्ग ५६ टक्के. निम्म्याहून थोड्याच जास्त जोरावर कॉम्प्रेसरला दाबाविरुद्ध उठायचंय. चढावर उभी गाडी एकट्याने ढकलण्यासारखं आहे ते. नाही हलत.

त्यात भर म्हणजे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाने पीटीसी तापते. ती थंड व्हायला काही मिनिटं लागतात आणि तोपर्यंत स्टार्टिंग वाइंडिंग मिळतच नाही. ओव्हरलोड आधी थंड झाला तर पुढचा प्रयत्न जन्मतःच फसलेला. म्हणून फ्रीज आत्ता बंद ठेवा. चालू-बंद करत बसू नका.

काटेकोर

मधला मुद्दा: मग स्टॅबिलायझर लावला तर?

ओहमकार

नको, इथे तर मुळीच नको. स्टॅबिलायझर व्होल्टेज चढवतो तेव्हा इनपुटकडून जास्त करंट घेतो. तोच करंट त्याच जळक्या जोडातून जाणार. जोड आणखी तापणार, व्होल्टेज आणखी पडणार. शिवाय स्टॅबिलायझरच्या आतला रिले टॅप (व्होल्टेजचा टप्पा) बदलेपर्यंत कॉम्प्रेसरचा प्रयत्न संपलेला असतो. बाहेरून येणारी वीजच कमी असेल तिथे स्टॅबिलायझर कामाचा. घरातला जोड ढिला असेल तिथे तो दोष झाकून आगीला निमंत्रण देतो.

जुना_मेकॅनिक

सहमत. सदाफुली, एक करा. वेगळ्या लाइनवरचं दुसरं सॉकेट घ्या, त्यावर जाड तारेची छोटी एक्स्टेंशन लावून फ्रीज एकदा सुरू करून बघा. आधी अर्धा तास तरी बंद असू द्या. बारीक तारेची गुंडाळलेली एक्स्टेंशन नको, तिच्यातच दहा-पंधरा व्होल्ट जातील आणि आपण पुन्हा चुकीच्या वाटेला लागू.

धुकं

फ्रीज इन्व्हर्टरचा असेल तर हे सगळं तसंच का? माझ्या बोर्डावरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, मग थांबतो, मग परत. कॉम्प्रेसर क्षणभर थरथरतो आणि थांबतो. एका व्हिडिओत दोन पिनांना थेट वीज देऊन तपासायला सांगितलंय.

ओहमकार

थांबा!! थेट वीज देऊ नका. कॉम्प्रेसर जाईल आणि तुम्हालाही धोका.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची मोटर तीन फेजची असते आणि तिला बोर्डच चालवतो. तिथे स्टार्ट, रन, कॉमन असं काही नसतं. पीटीसी नसतो. तिन्ही पिनांच्या तीन जोड्यांमधला रोध सारखा आला पाहिजे, काही ओहम इतका. एक जोडी वेगळी आली तर कॉम्प्रेसरवर संशय. तिन्ही सारखे आणि बॉडीशी गळती नाही, तर संशय आधी बोर्ड, मग कनेक्टर.

बोर्डाला हात लावण्याआधी प्लग काढा आणि थांबा. २३० व्होल्ट एसीचं डीसीत रूपांतर होऊन आतल्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते. मीटरने खात्री करून मगच बोट.

लुकलुकण्याचा अर्थ दर कंपनीचा वेगळा, त्यामुळे तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस पत्रक बघा. बोर्डाच्या इनपुटवरचं व्होल्टेज मात्र कॉम्प्रेसर थरथरत असताना मोजून घ्या, हे काम जाणकाराकडून करून घ्या. तिथेही तोच नियम. बोर्डाकडून मोटरकडे जाणाऱ्या तारांवर साधा मल्टिमीटर लावून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, ती तुकड्यातुकड्यांत तोडलेली वीज असते, मीटर काहीही दाखवतो.

वळणवाट

अवांतर होतंय पण अगदी याच जातीचं आहे. गाडीतला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज, डॅनफॉसच्या (आता सेकॉप) बीडी३५एफ कॉम्प्रेसरवर चालणारा. त्याच्या कंट्रोल युनिटला एलईडी जोडला तर एकदा लुकलुकणं म्हणजे व्होल्टेज कमी, दोनदा पंख्याचा करंट जास्त, तीनदा मोटर सुरू होत नाही, चारदा मोटर फार हळू, पाचदा युनिट तापलं. मूळ सेटिंगमध्ये १०.४ व्होल्टला बंद होतो आणि ११.७ ला परत सुरू.

लोक बॅटरीवर १२.२ बघतात आणि फ्रीजला शिव्या घालतात. तार मोजतच नाहीत. ५ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.२३ ओहम, ५ अँपिअरला एक व्होल्टहून जास्त तिथेच गेले. सुरू होताना करंट त्याहून वाढतो. तीच तार २.५ ची घातली तर ०.३५ व्होल्ट. वर फ्यूजच्या खोबणीवर चढलेला गंज असतोच.

काटेकोर

अवांतर असलं तरी वाचनखूण साठवली. :)

सदाफुली

बातमी आहे. दुसऱ्या लाइनवर, जाड तारेच्या एक्स्टेंशनने लावला. पहिल्या हूंला पुन्हा टक. दुसऱ्या वेळी सुरू झाला! सुरू होताना मीटर २१९ पर्यंत उतरला. आता चालतोय, करंट ०.९. पण पहिल्या वेळी टक का झालं?

जुना_मेकॅनिक

एक अडखळणं दाबामुळे असू शकतं, पण मी पीटीसी काढून बघेन. एवढे फसलेले प्रयत्न सोसल्यावर तो बहुधा थकलेला असतो. प्लग काढा, कॉम्प्रेसर थंड होऊ द्या आणि लगे हाथ तिन्ही पिनांचे रोध घ्या.

ओहमकार

पिना मोजताना त्यांवरचं सगळं काढलेलं हवं. कपॅसिटर असेल तर आधी डिस्चार्ज करा. तीन जोड्या मोजा. ज्या दोन पिनांमध्ये सर्वांत जास्त रोध, त्यांच्याव्यतिरिक्त उरलेली तिसरी पिन कॉमन. कॉमनपासून कमी रोधाची ती रन, जास्त रोधाची ती स्टार्ट. दोघांची बेरीज मोठ्या आकड्याइतकी यायला हवी. मग प्रत्येक पिन आणि कॉम्प्रेसरच्या डब्याची खरवडलेली धातूची जागा, तिथे काहीच दिसता कामा नये. (पिना स्वतः खरवडू नका.)

आणि कॉम्प्रेसर गरम असताना कॉमनपासून दोन्हीकडे 'उघडं' आलं, पण स्टार्ट-रनमध्ये आकडा आला, तर वाइंडिंग जळालं असं जाहीर करू नका. काही कॉम्प्रेसरमध्ये ओव्हरलोड आतच असतो. तो थंड होऊ द्या, तास-दोन तास लागू शकतात. या एका गैरसमजापायी कितीतरी चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेले असतील.

सदाफुली

१४, २१ आणि ३५. बेरीज जुळली. डब्याशी काहीच नाही. पीटीसी हलवला तर मंद खुळखुळ आहे, बारीक वाळूसारखी.

खटपट्या

मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो? रिले!

काटेकोर

रिले खराब झाला हे खरं, पण तो का झाला हे तुम्ही सांगितलं नव्हतं. नुसता रिले बदलला असता तर १७१ व्होल्टवर नवाही फुटला असता.

खटपट्या

अर्धे गुण द्या की राव.

धुकं

माझं अपडेट: इनपुट ठीक होतं. बोर्ड आणि कॉम्प्रेसरमधल्या कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती. जाणकाराने कनेक्टर बदलला. लुकलुकणं बंद, गारवा सुरू.

सदाफुली

इलेक्ट्रिशियनने जुनं सॉकेट उघडलं. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, तारेवरचं आवरण तपकिरी होऊन कडक झालेलं, सॉकेटची एक पट्टी वाकून काळी. फेज ठणठणीत होता. म्हणजे टेस्टरने बघितलं असतं तर सगळं छानच दिसलं असतं. सॉकेट बदललं, तारेचा जळका भाग कापून नव्याने जोडला. त्याच मॉडेलचा नवा पीटीसी आणि ओव्हरलोड लावला. आता त्याच जागी फ्रीज पहिल्या झटक्यात उठतो, मीटर २२० च्या खाली जात नाही.

एक प्रश्न राहिला. वीज जाऊन लगेच आली की पुन्हा हूं-टक होईल का?

ओहमकार

होऊ शकतं, आणि तो बिघाड नव्हे. कॉम्प्रेसर थांबल्यावर दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला आणि पीटीसी थंड व्हायला काही मिनिटं हवीत. लगेच वीज आली तर एक-दोनदा अडखळेल आणि मग आपोआप सुरू होईल. हे वारंवार होत असेल तर उशिराने वीज देणारा टाइम डिले घ्या, तीन ते पाच मिनिटांचा. बऱ्याच स्टॅबिलायझरमध्ये तो असतोच, पण फक्त त्यासाठी स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही.

जुना_मेकॅनिक

आणि नव्या सॉकेटमध्ये तारेच्या टोकाला सोल्डर तर लावला नाही ना? स्क्रूखाली सोल्डर हळूहळू दबत जातो आणि जोड पुन्हा ढिला पडतो.

सदाफुली

नाही, फेरूल (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) दाबून बसवलेत. काही आठवड्यांनी पॉवर बंद करून स्क्रू एकदा आवळून बघेन म्हणाले आहेत.

जुना_मेकॅनिक

मग माणूस कामाचा आहे. नंबर जपून ठेवा.